तंगुसाची गाठ: तापी-गिरणेवर नव्याने गळ टाकणाऱ्यांसाठी

मोठा मासा निसटला की पहिला दोष तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोराला, मिळतो. ‘माल कच्चा निघाला’ म्हणत लोक दुसऱ्या दिवशी आणखी जाड रीळ घेऊन येतात. ०.३० मिलिमीटर जाडीचं ०.४० होतं, ०.४० चं ०.६० होतं, आणि जाड दोर पाहून मासा गळाला तोंड लावेनासा होतो ते वेगळंच. खरं म्हणजे चांगला तंगूस अधेमधे क्वचित तुटतो. तुटतो तो गाठीपाशी, नाहीतर गाठच सरकते आणि गळ माशाच्या तोंडात राहतो. म्हणून जाड रिळावर पैसे घालण्याआधी दोन-तीन गाठी हाताला बसवून घ्या. तापी असो, गिरणा, पांझरा, वाघूर की गावाशेजारचा पाझर तलाव, तेवढ्यावर भागतं.

हे सगळं एकपदरी नायलॉनच्या तंगुसाबद्दल आहे. दुकानात त्याला ‘मोनो’ही म्हणतात. बारीक धागे विणून केलेला ब्रेडेड दोर वेगळा. त्याला वेढे जास्त लागतात आणि इथले आकडे त्याला लावू नका.

तंगूस गाठीतच का तुटतो?

नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९३८ मध्ये जगासमोर आलं. त्याआधी गळाला सूत, रेशीम असले दोर असत. सुताचा दोर खरखरीत, मऊ आणि पाणी पिऊन फुगणारा. त्याला साधी निरगाठ मारली तरी ती स्वतःलाच धरून बसते. तंगूस गुळगुळीत आणि ताठ. वर तो ताणला की लांबतो, आणि लांबला की बारीक होतो. म्हणजे गाठीत घट्ट बसलेला दोर ऐन ओढीच्या वेळी थोडा सैल पडतो आणि सरकायला मोकळा होतो. घरात शेळी बांधायला, गोणी शिवायला चालणारी गाठ इथे चालत नाही ती यामुळे.

दुसरी गोष्ट वाकण्याची. निरगाठीत दोर एकाच जागी एकदम मुडपतो आणि स्वतःवरच दाबला जातो. ताण आला की मुडपलेल्या भागाची बाहेरची बाजू जास्त ताणली जाते आणि वरचा वेढा खालच्याला कापायला लागतो. मधोमध एक साधी निरगाठ पडली तरी तंगुसाची ताकद निम्म्याच्या आसपास येते. वाऱ्याने किंवा चुकीच्या फेकीने दोरात अशी गाठ पडते, आपल्याला ती दिसतही नाही, आणि मग ‘पाच किलोचा दोर दोन किलोच्या माशाने तोडला’ अशी गोष्ट तयार होते. चांगली गाठ ताण एका जागी न ठेवता पाच-सहा वेढ्यांवर वाटून देते. सगळी हुशारी एवढीच आहे.

तिसरं कारण उष्णता. कोरडी गाठ झटक्यात आवळली की वेढे एकमेकांवर घासतात आणि नायलॉन तापतं. बोटाला चटका बसत नाही, पण बारीक तंगुसाला तेवढी ऊब पुरते. आवळताना चर्र असा बारीक आवाज आला, गाठीच्या वरचा दोन-तीन बोटं दोर कुरळा झाला किंवा पांढुरका पडला, तर ती गाठ गेली. कापा आणि पुन्हा बांधा. गाठ आवळण्याआधी ओली करायची ती यासाठी. थुंकी लावा, पाण्यात बुडवा, काहीही करा, पण कोरडी आवळू नका.

किती जाड तंगूस घ्यावा?

रिळावर दोन आकडे असतात: जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलोत किंवा पौंडात. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, त्यामुळे १० पौंडाचा तंगूस म्हणजे साडेचार किलोचा. एकाच जाडीची ताकद दर कंपनीची थोडी वेगळी निघते, तरी ढोबळ अंदाज असा धरा: ०.२० म्हणजे अडीच-तीन किलो, ०.३० म्हणजे पाच-सहा किलो, ०.४० म्हणजे नऊ किलोच्या आसपास, ०.५० म्हणजे बारा-तेरा किलो. हे आकडे बिनगाठीच्या सरळ दोराचे असतात हे विसरू नका.

तलावातल्या चिलापीला आणि पोठीला ०.२० पुरे. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांच्यासाठी ०.३० किंवा ०.३५. कटला मोठा मिळतो असं पाणी असेल तर ०.४०. मरळ झाडोऱ्यात, बेशरमीच्या बुडख्यांत घुसते, तिथे तिला खेळवायला जागाच नसते. सरळ उपसून काढावी लागते, म्हणून मरळीला ०.४० ते ०.५०. नवशिक्याने एकच रीळ घ्यायचं असेल तर ०.३० घ्यावं. गाठ शिकायलाही ते सोपं. ०.२० बोटांत सापडत नाही आणि ०.५० वळत नाही.

नाव नसलेल्या, आकडा नसलेल्या सुट्या लडी स्वस्त मिळतात. गळ्यातल्या माळेचे मणी ओवायला त्या ठीक. नदीवर त्यांच्या भरवशावर जाऊ नका, कारण त्यांची जाडीच जागोजागी कमी-जास्त असते.

आता काही शब्द ठरवून घेऊ, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. रिळाकडे जाणारा लांब दोर तो ‘मूळ दोर’. हातात उरणारा तुकडा ते ‘मोकळं टोक’. गळाच्या वरच्या भोकाला नेढं म्हणू, सरळ भागाला दांडी. काही गळांना नेढं नसतंच, दांडीचं वरचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. त्याची गाठ वेगळी, ती पुढे येईल.

शिकताना गळ घेऊ नका. मोठी सुई, किल्लीची कडी किंवा चावीची रिंग घ्या, आणि तंगुसाऐवजी आधी बुटाची नाडी. नाडीत वेढे कुठून कुठे जातात ते डोळ्यांना दिसतं. दोन-चार वेळा जमलं की मग ०.३० च्या तंगुसावर या.

पहिली गाठ: युनी

एकच गाठ शिकायची असेल तर ही. गळाला चालते, स्विव्हलला (दोन दोरांमध्ये घालायच्या फिरत्या कडीला) चालते, दोन दोर जोडायला चालते, बिननेढ्याच्या गळालाही थोड्या फरकाने चालते. बाकी गाठींची नावं पाठ करण्यापेक्षा ही एक अंधारात बांधता येईपर्यंत घोटा.

१. तंगूस नेढ्यातून घाला आणि एक वीतभर टोक बाहेर काढा. ते टोक मूळ दोराला चिकटवून समांतर मागे न्या. आता गळापासून दोन दोर शेजारी-शेजारी जाताना दिसतील.

२. मोकळं टोक पुन्हा गळाच्या दिशेला वळवा, म्हणजे त्या दोन दोरांच्या बाजूला एक गोल फास तयार होईल. डाव्या हाताच्या चिमटीत हे सगळं एकत्र धरा.

३. मोकळं टोक त्या फासाच्या आतून घालत दोन्ही दोरांभोवती वेढे द्या. ०.३० पर्यंतच्या तंगुसाला पाच-सहा, ०.४० ला चार, ०.५० च्या वर तीन. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तसे वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत. एकावर एक चढले तर सोडून पुन्हा द्या.

४. मोकळं टोक हळू ओढा. वेढे जवळ येऊन एक छोटी नळी तयार होईल. इथे पूर्ण आवळायचं नाही.

५. गाठ ओली करा. मग मूळ दोर ओढा. गाठ घरंगळत नेढ्यापाशी येऊन बसेल.

६. आता मोकळं टोक एकदा घट्ट ओढा, मूळ दोर एकदा घट्ट ओढा. उरलेलं टोक नखं कापायच्या कटरने गव्हाच्या दाण्याच्या निम्म्याएवढं ठेवून कापा.

टोक अगदी गाठीला लागून कापायची हौस अनेकांना असते. दिसायला सुबक दिसतं, पण पहिल्या जोरदार ओढीला प्रत्येक गाठ केसभर सरकून बसते, आणि तेवढी जागा तिला ठेवली नसेल तर ती उलगडते. काडीने किंवा लायटरने टोक जाळून गोळी करणं हाही असाच प्रकार. ज्योत गाठीच्या जवळ गेली की आपण ज्या उष्णतेपासून गाठ वाचवली तीच हाताने दिली म्हणायची.

चौथ्या पायरीवर थोडं थांबून गाठीकडे जवळून बघायची सवय लावा. उजेडाकडे धरा. वेढे एकसारखे, एकाच दिशेला तिरके आणि मध्ये फट नसलेले दिसले तर गाठ बरोबर. एखादा वेढा दुसऱ्याच्या पाठीवरून आडवा गेलेला दिसला, तर तो आडवा वेढाच पुढे खालच्याला कापणार. आवळल्यावर दुरुस्ती होत नाही, त्याआधी होते.

दुसरी गाठ: पालोमर

ही युनीपेक्षा सोपी आणि माझ्या मते एकपदरी तंगुसात सगळ्यात भरवशाची. दुहेरी दोर नेढ्यातून जातो, त्यामुळे धातूवर दोराचे दोन पदर बसतात. अडचण एकच: शेवटी अख्खा गळ फासातून काढावा लागतो. लांब गळदोरीवर दोन-तीन गळ लावायचे असतील किंवा मोठा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) लावायचा असेल तर ती झटापट होते. साध्या एका गळाला मात्र हिच्यासारखी नाही.

१. टोकापासून वीतभर तंगूस दुमडून दुहेरी करा आणि तो दुमडलेला फास नेढ्यातून घाला. ०.५० चा दोर लहान नेढ्यातून दुहेरी जात नाही. तिथे युनी बांधा आणि पुढे चला.

२. दुहेरी दोराची एक ढिली निरगाठ मारा. गळ खाली लोंबकळत राहील. गाठ आवळू नका.

३. नेढ्यातून आलेला फास मोठा करा आणि अख्खा गळ त्यातून काढा.

४. ओलं करा. मूळ दोर आणि मोकळं टोक दोन्ही एकत्र धरून सावकाश ओढा. फास गळाच्या नेढ्यावर येऊन बसला पाहिजे. तो दांडीला खाली अडकला तर बोटाने वर सरकवा.

५. टोक कापा.

पालोमर बिघडते ती दुसऱ्या पायरीला. दुहेरी दोराचे दोन पदर एकमेकांवर पिळले गेले तर गाठ वाकडी बसते आणि ताकद कमी होते. पदर समांतर ठेवा, एवढंच.

बिननेढ्याचा गळ

चपट्या टोकाचे गळ आपल्याकडे शेकड्याच्या पुडीत स्वस्तात मिळतात, आणि नदीकाठची जुनी मंडळी तेच वापरतात. नवा माणूस ते बघून गोंधळतो, कारण दोर घालायला भोकच नाही. इथे गाठ दांडीवर बसते आणि वरचं चपटं टोक तिला निसटू देत नाही. इंग्रजी नाव स्नेल. पण वेगळं शिकायची गरज नाही, युनीच दांडीवर बांधायची.

दोर दांडीला समांतर धरा आणि मोकळं टोक गळाच्या वाकणाकडे जाऊ द्या. तेच टोक मागे वळवून फास करा. मग टोक फासाच्या आतून घालत, दांडी आणि दोर दोन्हींना एकत्र घेऊन, सहा-सात वेढे द्या. वेढे चिमटीत दाबून ठेवा. इथे चिमटी सुटली की सगळं सुटलं. टोक ओढून वेढे जवळ आणा, ओलं करा, मग मूळ दोर ओढून गाठ चपट्या टोकाखाली नेऊन बसवा. शेवटी टोक पक्कडीने धरून एकदा घट्ट करा.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मूळ दोर गळाच्या अणीच्या बाजूने, म्हणजे आतल्या बाजूने बाहेर आला पाहिजे. पाठीमागून आला तर ओढल्यावर गळ उलटा कलतो आणि माशाच्या तोंडात रुतायच्या ऐवजी घसरतो. शिवाय चपट्या टोकाची धार दोराला घासते. गाठ बांधून झाली की गळ सैल लोंबकळू द्या आणि दोर कुठल्या बाजूने निघालाय ते बघा. मागून निघाला असेल तर गाठ बोटाने फिरवता येते.

नेढ्याच्या गळालाही ही गाठ चालते. अणीच्या बाजूने दोर नेढ्यातून आत घाला आणि दांडीवर तसेच वेढे द्या. ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते, नेढ्याच्या कडेवर दोर घासत नाही. शिंगाळा आणि वाम यांच्यासाठी मला हीच आवडते. वाम तर वर येताना अंगाला पिळे देत दोरात गुरफटते, आणि नेढ्यापाशी लोंबणारी गाठ त्या पिळ्यांत पहिली जाते.

क्लिंचबद्दल दोन शब्द

कुणालाही विचारा, ‘गळाला कुठली गाठ मारता?’ दहातले बरेच जण जी दाखवतील ती क्लिंच: दोर नेढ्यातून घालायचा, टोकाने मूळ दोराभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या बारीक फासातून घालायचं आणि ओढायचं. सुधारलेल्या प्रकारात टोक त्यानंतर तयार झालेल्या मोठ्या फासातूनही घालतात. ०.२० ते ०.३० च्या तंगुसात सुधारलेली क्लिंच वाईट नाही. जाड तंगुसात मात्र वेढे नीट बसतच नाहीत, आणि साधी क्लिंच सरकण्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांच्या हातात ती बसली आहे त्यांनी बांधावी. नव्याने शिकणाऱ्याने तिच्यावर वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

दोन दोर जोडणं आणि फास

रिळावर ०.४० आणि पुढे गळापाशी ०.२५ चा हातभर तुकडा, ही जोडी फार कामाची. दगडात गळ अडकला तर पुढचा बारीक तुकडा तुटतो, सगळा दोर जात नाही. जोडण्यासाठी दुहेरी युनी. दोन्ही दोरांची टोकं विरुद्ध दिशांनी वीतभर एकमेकांवर आणा. एका टोकाने दुसऱ्या दोराभोवती युनी बांधा, मग दुसऱ्या टोकाने पहिल्याभोवती. बारीक दोराला सहा वेढे, जाडाला चार. दोन्ही गाठी अर्ध्या आवळा, ओल्या करा आणि दोन्ही मूळ दोर विरुद्ध बाजूंना ओढा. गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतील. मग टोकं आवळून कापा.

जाडीत फरक फार असेल, म्हणजे ०.५० ला ०.२०, तर जोड टिकत नाही. मध्ये स्विव्हल घाला आणि दोन्हीकडून युनी बांधा. स्विव्हलमुळे दोराला पीळही पडत नाही.

स्विव्हलला पटकन अडकवता येईल असा फास हवा असेल तर दोर दुहेरी करा, निरगाठीसारखं वळण घ्या, पण फास त्या वळणातून एकदाऐवजी दोनदा काढा. ओलं करून चारही पदर ओढा. एवढंच. एकदाच काढलेला फास कमजोर; तो दुसरा फेराच सगळं काम करतो. घरी बसून अशा फासाचे आठ-दहा गळ तयार करून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, नदीवर वेळ जात नाही.

घरच्या घरी परीक्षा

गाठ चांगली की वाईट हे वाद घालून ठरत नाही. हातभर तंगूस घ्या, एका टोकाला एका प्रकारची गाठ, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या प्रकारची. एक टोक खिळ्याला अडकवा, दुसरं जाड काठीला, आणि सावकाश ताण वाढवत ओढा. जी आधी गेली ती तुमच्या हातची कच्ची. दहा वेळा करा, कारण एकदाचा निकाल फसवा असतो. कुणाच्या हाताला पालोमर जास्त चांगली बसते, कुणाच्या युनी. आकडा हवा असेल तर बादली टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीचं स्वतःचं वजन आधी करून ठेवा, बादली जमिनीपासून चार बोटं वर ठेवा आणि तांब्या-तांब्याने पाणी घाला. पाच किलोच्या तंगुसावर चार किलोच्या वर गाठ टिकली तर समाधान माना.

या परीक्षेला अणी असलेला गळ हाताने ओढू नका. ताणलेला तंगूस तुटतो तेव्हा गळ थेट तोंडाकडे येतो. गळच वापरायचा तर पक्कडीत धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि आसपास पोरंबाळं नकोत.

नदीवरही बांधलेली प्रत्येक गाठ टाकण्याआधी एकदा ओढून बघायची असते. जाणत्या आबांना विचारलं, ‘आबा, गाठ पक्की शे का?’ तर उत्तर एकच मिळतं, ‘वढीसन देख, भो.’ गाठ किनाऱ्यावर तुटली तर अर्ध्या मिनिटाचं नुकसान, पाण्यात तुटली तर माशाचं.

तुटलेलं टोक वाचायला शिका

दोर रिकामा परत आला की शिव्या देण्याआधी टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल-गोल वळलेलं असेल तर गाठ सरकून उलगडली: वेढे कमी पडले, ओलं केलं नाही किंवा टोक फार आखूड कापलं. टोक सरळ आणि स्वच्छ तुटलं असेल तर एखाद्या धारेने कापलं. टोकाच्या वर बोटभर दोर खरखरीत, ओरखडलेला लागला तर दगडावर घासून गेला. आणि टोक ताणून बारीक, पांढुरकं झालं असेल, तर गाठीचा दोष नाही. ओढ खरोखरच दोराच्या ताकदीच्या वर गेली. काठीला फिरवायचं रीळ असेल तर त्याचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोर सोडणारा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा, म्हणजे मासा जोर लावेल तेव्हा दोर सुटत राहील. बांबूची काठी असेल तर ड्रॅगचं काम काठीच्या शेंड्याने करायचं असतं, म्हणून शेंडा खाली पाण्याकडे सरळ करून ओढाओढी करू नका.

आपल्याकडच्या पाण्यात घासण्याची जागा फार. धरणाच्या भिंतीला दगडी पिचिंग, पांझरा-गिरणेच्या पात्रात काळा खडक, बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या बाभळींचे बुंधे. अशा ठिकाणी दर दोन-तीन माशांनंतर, आणि गळ अडकून सुटला की प्रत्येक वेळी, पुढचा हातभर दोर नखाच्या कडेवरून ओढून बघा. नखाला खरखर लागली की तेवढा भाग कापा आणि नवी गाठ बांधा. दोन फूट तंगूस वाचवायच्या नादात अख्खा मासा घालवणारे बरेच असतात.

उन्हाचा हिशेब

भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नायलॉनला हे ऊन मानवत नाही. सूर्याच्या किरणांनी तंगूस हळूहळू ठिसूळ होतो, वरून तसाच चकचकीत दिसला तरी. मोटारसायकलच्या डिकीत, टपावर, खिडकीत रीळ ठेवू नका. गोणपाटाच्या पिशवीत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. नदीवर असतानाही जास्तीचं रीळ सावलीत. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की, नवा तंगूस चढवा. सगळं रीळ बदलायची गरज नाही. वरचा उन्हात राहिलेला ३०-४० मीटर दोर काढून टाकला तरी चालतं.

नायलॉन थोडं पाणीही शोषतं, आणि ओला दोर कोरड्यापेक्षा किंचित कमी ताकदीचा असतो. घरी बादलीच्या परीक्षेत जो आकडा आला त्यावर थोडी सूट धरून नदीवर जा. गाठ एकदा भिजवून, थोडा वेळ थांबून परीक्षा केलीत तर आकडा जास्त खरा मिळेल.

नदीवर जाण्याआधी

धरणाचं आणि मोठ्या तलावाचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे मासेमारीसाठी दिलेलं असतं. हौशी गळवाल्यानेही आधी संस्थेच्या माणसाला किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारावं. काही ठिकाणी नाममात्र पैसे घेऊन गळ टाकू देतात, काही ठिकाणी साफ नाही म्हणतात. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नये. आषाढ-श्रावणात रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला प्रवाहाकडे चढतात. पोटाने फुगलेली मादी हाताला लागली तर परत सोडावी.

हतनूर धरणाच्या खाली तापीकाठी बसणाऱ्यांनी पावसाळ्यात दरवाजांची बातमी रोज बघावी. धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि पूर्णा-तापीच्या वरच्या भागात पाऊस झाला की आपल्याकडे कोरडं आभाळ असतानाही ते उघडतात. पाणी गढूळ होऊन कचरा वाहू लागला, भोंगा वाजला, तर गळ अडकलेला असला तरी सोडवत बसू नका. कटर खिशात असतोच. दोर कापा आणि वर या.

कापलेले तुकडे मात्र काठावर टाकू नका. नायलॉन मातीत कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात आणि असल्या तुकड्यांत त्यांचे पाय अडकतात. काठावर चरणारी शेळी गवताबरोबर तेच गिळते. रिकामी प्लास्टिकची बाटली जवळ ठेवा, तुकडे तिच्या तोंडातून आत ढकला, आणि घरी आल्यावर कात्रीने बोट-बोटभर बारीक करून मगच कचऱ्यात टाका.